शंभर टक्के बंद

मानेचा डॉपलर हे आमच्या धंद्यातलं सोपं काम, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पोटाची सोनोग्राफी करताना आतड्यातला गॅस आडवा येतो, माणूस जाड असला तर मशीन हात टेकतं. मानेत असलं काही नाही. कॅरोटिड धमनी कातडीखाली दोन-अडीच सेंटीमीटरवर, बोटालाही लागणारी. जेल लावून प्रोब टेकवला की पडद्यावर रंग उसळायला लागतो. दोन्ही बाजू बघायच्या, चार आकडे लिहायचे, वीस मिनिटांत रुग्ण टेबलावरून खाली.

जालना रोडपासून आत असलेल्या माझ्या सेंटरमध्ये हे रुग्ण लांबूनच ओळखू यायचे. दारावर कायद्यानं बंधनकारक असलेली 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी, खाली बाकावर गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा, आणि त्यांच्यात अंग चोरून बसलेले एखादे टोपीवाले आजोबा. पैठणकडच्या एका आजोबांनी तर टेबलावर आडवं होता होता विचारलं, "साहेब, ही मशीन बायांची ना? आमच्या मानेत काय सापडणार हिला?"

गळ्याच्या घाटीच्या आसपास कॉमन कॅरोटिड धमनी दुभंगते. एक फाटा चेहऱ्याकडे जातो, तो एक्स्टर्नल. दुसरा सरळ मेंदूत जातो, तो इंटर्नल. या दुभाजकावर, विशेषतः इंटर्नलच्या सुरुवातीला, चरबीचा आणि चुन्याचा थर साचतो. थराचा कण सुटून वर गेला की जीभ जड होते, हात लुळा पडतो, किंवा एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं होऊन पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. मग फिजिशियन चिठ्ठी देतात, मानेच्या नसा बघून घ्या म्हणून.

मशीन नस किती बंद आहे ते थेट मोजत नाही. ते मोजतं रक्ताची गती, आणि गतीवरून आम्ही अरुंदपणाचा अंदाज बांधतो. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येण्याचा अनुभव असलेल्या आमच्या शहरात, पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून लांबच्या पिंपापर्यंत धार मारली नाही असा माणूस सापडणार नाही. तोंड अरुंद झालं की धार जोर धरते. धमनीतही तेच. पण अंगठा आणखी दाबला, अगदी फटीएवढी जागा ठेवली, की धार मरते आणि पाणी नुसतं ओघळतं, हेही त्याच पाइपवर प्रत्येकानं पाहिलेलं असतं. स्पेन्सर आणि रीड या दोघांनी १९७९ मध्ये धमनीसाठी हा आलेख मांडला. अरुंदपणा वाढेल तशी गती चढत जाते, एका टोकाला पोचते आणि नस बंद व्हायच्या बेताला आली की कोसळते. म्हणजे कमी गतीचे अर्थ दोन होतात, धमनी अगदी चांगली किंवा अगदी शेवटच्या घटका मोजणारी. मी परीक्षेत हा आलेख काढून दाखवला होता. कामात मात्र माझ्या डोक्यात त्याचा चढच राहिला. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, आकडा लहान म्हणजे सगळं ठीक.

याला खतपाणी घातलं ते आमच्या तक्त्यानं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००२ साली रेडिओलॉजिस्ट, सर्जन अशी मंडळी एकत्र बसली आणि २००३ मध्ये त्यांचे निकष छापून आले. इंटर्नल कॅरोटिडमधली सर्वोच्च गती सेकंदाला १२५ सेंटीमीटरच्या आत असेल तर अरुंदपणा ५० टक्क्यांपेक्षा कमी. १२५ ते २३० असेल तर ५० ते ६९ टक्के. २३० च्या वर गेली तर ७० किंवा जास्त. हा तक्ता मी मशीनशेजारी भिंतीवर चिकटवला होता. त्याच तक्त्यात खाली एक ओळ आहे, जवळजवळ बंद झालेल्या धमनीची. तिच्यापुढे आकडाच नाही. गती जास्त असेल, कमी असेल किंवा सापडणारही नाही, एवढंच लिहिलंय. आकड्यांच्या ओळी मला पाठ होत्या. या ओळीकडे मी बघत नव्हतो.

लेटरहेडवर अजून औरंगाबाद छापलेलं होतं तेव्हाची गोष्ट. वैजापूरकडचे एक निवृत्त शिक्षक आले. गावात सगळे गुरुजी म्हणतात तसे, बायकोही गुरुजीच म्हणायची. हरिपाठ चालू असताना त्यांच्या उजव्या हातातला टाळ गळून पडला आणि दहा-पंधरा मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. माझ्याकडे आले तेव्हा ठणठणीत होते, प्रोब टेकवलेला असतानाही बोलत होते, मी दोनदा गप्प राहायला सांगितलं.

त्यांच्या आधी मी डायलिसिसच्या एका रुग्णाचा हात तपासला होता. डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिश्चुला करतात. त्यातून रक्त प्रचंड वेगानं धावतं, म्हणून रंगाचं स्केल वर चढवावं लागतं, नाहीतर पडदाभर रंगांचा चिवडा होतो. तो रुग्ण उतरला, गुरुजी चढले. प्रोब तोच. मी नाव बदललं आणि सेटिंग तसंच ठेवून मानेवर प्रोब टेकवला.

डाव्या बाजूला कॉमन कॅरोटिडमध्ये रंग भरला, एक्स्टर्नलमध्ये भरला. इंटर्नलच्या तोंडाशी मोठा थर होता आणि त्याच्या पुढे सगळं काळं. स्केल वर असलं की मशीन सावकाश वाहणारं रक्त रंगवतच नाही. शिवाय फिल्टर नावाची एक गोष्ट असते, ती भिंतीची थरथर गाळते आणि तिच्याबरोबर मंद प्रवाहही गाळून टाकते. हे दोन्ही खाली आणायला दोन बटणं फिरवायची असतात. पॉवर डॉपलर लावून बघायचं असतं, कारण मंद प्रवाह त्यात जास्त पकडला जातो. मी त्यातलं काही केलं नाही. उलट कॉमन कॅरोटिडमध्ये हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह जवळपास नाहीसा झालेला दिसला आणि माझी खात्री आणखी पक्की झाली, की वर बंद असल्याशिवाय असं होणार नाही. वर जवळजवळ बंद असलं तरी हेच दिसतं, हे त्या क्षणी आठवलं नाही. आठवावंसं वाटलं नाही, हे जास्त खरं.

रिपोर्ट लिहिला, 'डावी इंटर्नल कॅरोटिड धमनी पूर्णपणे बंद, १०० टक्के.' हा १०० टक्के लिहिताना मला बरं वाटलं होतं, ते लपवत नाही. पन्नास-साठच्या घोळापेक्षा असं निदान केलं की काम झाल्यासारखं वाटतं.

त्या दोन शब्दांचा परिणाम काय होतो ते रिपोर्ट लिहिणाऱ्यानं आधी समजून घ्यायला हवं. उत्तर अमेरिकेतला नॅसेट नावाचा मोठा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणं येऊन गेलेले आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेले रुग्ण त्यात होते. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांना दोन वर्षांत मेंदूत त्याच बाजूला पक्षाघाताचा झटका आला. धमनी उघडून आतला थर काढलेल्यांत हेच प्रमाण ९ टक्के होतं. पण पूर्ण बंद धमनीवर ही शस्त्रक्रिया करत नाहीत. त्यामुळे ९९ आणि १०० यांच्यात रुग्णाच्या दृष्टीनं एका टक्क्याचा फरक नसतो. एकीकडे सर्जनची भेट असते, दुसरीकडे गोळ्यांची चिठ्ठी आणि घर.

गुरुजी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन घरी गेले. दीड-दोन महिन्यांनी दुसरा झटका आला आणि या वेळी हात परत उठला नाही. वाचाही गेली ती अर्धीच आली. सीटी अँजिओग्राफीत दोऱ्याएवढी रेघ डाव्या इंटर्नलमधून वर जाताना दिसली. माझ्या फिजिशियन मित्राचा फोन आला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. म्हणाला, "तुझी बंद धमनी वाहतेय." आणि ठेवला.

मी मशीनमधली जुनी चित्रं काढली. कोपऱ्यात स्केलचा आकडा स्पष्ट होता. फिश्चुलाचाच. पूर्ण बंद नळीतून सहसा पुढे काही वाहून जात नाही, ओघळत्या नळीतून कण जात राहतात. गुरुजींच्या डोक्यात दीड-दोन महिने तेच चाललेलं असणार.

इतकी बारीक झालेली धमनी उघडून कितपत फायदा झाला असता, यावर मी नंतर पुष्कळ वाचलं. जवळजवळ बंद झालेल्या धमन्यांत शस्त्रक्रियेचा फायदा कमी दिसतो, असं नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत आलं आहे. हे वाचून सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या वाटण्याची लाजही वाटली. फायदा झाला असता की नाही हा प्रश्न सर्जन आणि गुरुजी यांच्यात व्हायचा होता. तो तिथवर पोचू दिला नाही तो मी. गुरुजींच्या मंडळींना मी जाऊन भेटलो, रिपोर्ट चुकला हे सांगितलं. त्यांनी चहा दिला. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसरी चूक सेटिंगची नव्हती, ओळखीची होती. डाव्या मेंदूतला छोटा झटका घेऊन आलेल्या एका गृहस्थांच्या डाव्या मानेत मला दोन फाटे दिसले, दोन्हीत प्रवाह, गती मध्यम. मी नॉर्मल लिहिलं. एमआर अँजिओत डावी इंटर्नल नव्हतीच, या वेळी खरोखर पूर्ण बंद. मग मी काय पाहिलं होतं? इंटर्नल बंद झाली की कधी कधी एक्स्टर्नल तिच्या मदतीला जाते. डोळ्याभोवतीच्या बारीक वाटांनी मेंदूला रक्त पोचवू लागते आणि पडद्यावर उमटणाऱ्या तिच्या लहरीचा आकार हुबेहूब इंटर्नलसारखा होतो. तिलाच मी इंटर्नल समजलो, आणि तिची पहिली फांदी, थायरॉइडकडे जाणारी, तिला एक्स्टर्नल. एकाला दोन धरून मी मोकळा झालो. कानापुढच्या धमनीवर बोटानं टकटक करून बघितलं असतं तर एक्स्टर्नलच्या लहरीवर करवतीसारखे दाते उठले असते आणि ओळख पटली असती. त्याला दहा सेकंद लागतात. आता प्रत्येक रुग्णाच्या कानापुढे टकटक करतो. एका आजीबाईंना वाटलं मी त्यांच्या डोक्यात काही शिल्लक आहे का ते वाजवून बघतोय.

कोनाचा किस्सा मात्र मला जास्त शिकवून गेला, कारण त्यात मी आधी भांडलो.

एका रुग्णाचा डॉपलर मी केला. उजव्या इंटर्नलमध्ये गती २३४, म्हणजे तक्त्याप्रमाणे ७० च्या वर. नातेवाइकांनी शहरातच दुसरीकडे पुन्हा तपासून घेतलं. तिथे गती आली १६०. आमच्याकडे असं झालं की पहिला विचार येतो, त्यांचं मशीन जुनं. तो मी बोलूनही दाखवला, नातेवाइकांसमोर. तिथला मुलगा माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान होता. त्यानं फोन करून एवढंच विचारलं, "सर, तुमचा अँगल किती होता?"

डॉपलर साहेबांनी १८४२ मध्ये प्रागला जो सिद्धांत मांडला तो जोडताऱ्यांच्या रंगांसाठी होता. पुढे जपानमध्ये सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात तो हृदय आणि रक्तवाहिन्यांवर लावून पाहिला. गाभा तोच आहे. हलणाऱ्या रक्तपेशींवरून ध्वनी परत येतो तेव्हा त्याची वारंवारिता बदललेली असते. मशीनला फक्त तो बदल कळतो. रक्त कोणत्या दिशेनं वाहतंय, म्हणजे ध्वनीची रेघ आणि धमनी यांच्यात कोन किती, हे मशीनला आपण सांगायचं असतं, पडद्यावर एक छोटी दांडी धमनीला समांतर फिरवून. त्या कोनाच्या कोज्येनं मशीन भागाकार करतं आणि गती छापतं. ६० अंशांची कोज्या ०.५. ७० अंशांची ०.३४२. धमनी खरी ६० अंशांत असेल आणि दांडी ७० वर ठेवली असेल, तर १६० ची गती छापून येते २३४. मी कागदावर हा हिशेब केला तेव्हा आकडा जुळला, आणि पेन खाली ठेवलं.

धमनी वळणाची होती, म्हातारपणी होतात तशी. दांडी ६० च्या आत बसवायला प्रोब एका बाजूनं दाबून तिरका करावा लागला असता. मी तेवढे कष्ट न घेता दांडीच ७० वर फिरवली. पंचेचाळीस अंशांच्या आसपास पाच अंशांची चूक झाली तर आकडा दहा टक्क्यांनी हलतो. साठच्या आसपास तीच चूक अठरा टक्क्यांची होते, आणि पुढे तर धरबंधच राहत नाही. म्हणून साठच्या वर मोजायचं नाही, हा नियम. हा नियम मी विद्यार्थ्यांना शिकवत होतो, हे सांगायला नको असं वाटतंय, म्हणून सांगतो.

त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "सर, माझंही होतं." खरं असेल, किंवा तो चांगल्या घरातला असेल.

टक्क्यांचं तर मी वेगळंच करून ठेवलं होतं. आपल्याकडे हृदयाच्या ब्लॉकेजमुळे टक्के घराघरात पोचलेत. रुग्ण आत येतो तोच विचारतो, किती टक्के? आणि टक्के न सांगणाऱ्या डॉक्टरवर कुणाचा विश्वास बसत नाही. डॉपलरमधून खरं तर एक टप्पा कळतो, ५० ते ६९ असा. पण मी ६३ टक्के, ५८ टक्के असं लिहायचो. ते कुठून आणायचो? धमनीचं आडवं चित्र थांबवून, पूर्ण वर्तुळ आणि मधली उरलेली वाट, दोन्हींच्या कडा आखून. मशीन क्षेत्रफळ काढून टक्के देतं.

गंगापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा डॉपलर एका आरोग्य शिबिरातल्या पॅकेजमधून माझ्याकडे आला. त्रास काही नव्हता. बिडी होती. मी लिहिलं, ७५ टक्के. माणूस हादरला. कापसाचे पैसे नुकतेच हातात आले होते, ते घेऊन पुण्याला गेला. अँजिओग्राफी झाली. ५० टक्के. बिडी सोडा, गोळ्या घ्या, सांगून परत पाठवलं. काही महिन्यांनी बायकोच्या पित्ताच्या खड्यासाठी तो पुन्हा माझ्याच सेंटरला आला. ओळख दिली आणि म्हणाला, "तुमचे पंचाहत्तर टक्के पुण्यात जाऊन पन्नास झाले की. मधले पंचवीस कुठं गेले, साहेब?"

प्रश्नाला उत्तर होतं. मी चिठ्ठीच्या मागे दोन वर्तुळं काढून दाखवली. नळीची रुंदी निम्मी झाली तर क्षेत्रफळ पाव उरतं. म्हणजे रुंदीनं बघितलं तर ५० टक्के बंद, क्षेत्रफळानं बघितलं तर ७५. दोन्ही बरोबर. सगळे अभ्यास, सगळे शस्त्रक्रियेचे निर्णय रुंदीच्या टक्क्यांवर चालतात, आणि मी क्षेत्रफळाचा आकडा लिहून तो कशाचा आहे ते लिहिलं नव्हतं. त्यानं वर्तुळं नीट बघितली. गुंठे-एकरात आयुष्य गेलेल्या माणसाला क्षेत्रफळ समजवावं लागत नाही. "म्हणजे तुम्ही लिहायचं राहिलं," तो म्हणाला. हो म्हणालो. बायकोच्या सोनोग्राफीचे पैसे मी घेतले नाहीत, ते त्यानं काउंटरवर ठेवून दिले.

त्या शिबिरांबद्दलही बोललं पाहिजे. काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या माना सरसकट तपासू नयेत, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या कृतिदलानं २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२१ मध्ये तेच कायम ठेवलं. मला ते ठाऊक होतं. पण पॅकेजमध्ये मानेचा डॉपलर असला की पॅकेज भारदस्त दिसतं आणि माझं मशीन दुपारी रिकामं राहत नाही. मशीनचे हप्ते होते. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही.

कमी आकड्यानं मला पुन्हा एकदा फसवलं ते एका कर्करोगाच्या रुग्णात. मराठवाड्यात तंबाखू आणि मिश्री किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बीड, परभणी, जालन्याहून आमच्या शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येतात. अनेकांना मानेवर रेडिएशन घ्यावं लागतं. कर्करोग बरा होतो, माणूस शेतात जायला लागतो, आणि बऱ्याच वर्षांनी रेडिएशन घेतलेल्या धमन्या आतून जाड होऊन अरुंद होऊ लागतात. हा अरुंदपणा दुभाजकापुरता राहत नाही. कॉमन कॅरोटिडमध्ये लांबच लांब पसरतो.

या रुग्णाला चालताना तोल जाण्याचा आणि डाव्या हाताला मुंग्यांचा त्रास होता. मान लाकडासारखी ताठ, कातडी ताणलेली, प्रोब नीट बसेना. मी सवयीनं दुभाजक गाठला, गती मोजली. उजवीकडे ४० च्या आसपास. १२५ पेक्षा कितीतरी कमी. नॉर्मल. लहरीचा आकार मात्र वेगळा होता. चांगल्या धमनीत ती झटकन चढते, ही सावकाश, गोलसर चढत होती. खाली कुठे तरी अडथळा आहे आणि रक्त थकून वर येतंय, असं ती लहर स्पष्ट सांगत होती. मी आकडा वाचला, लहर वाचली नाही. गळपट्टीच्या हाडाजवळ प्रोब नेला असता तर कॉमन कॅरोटिड सहा-सात सेंटीमीटर अरुंद झालेली दिसली असती. ती नंतर सीटीत दिसली. सुदैवानं मधल्या काळात त्याला काही झालं नाही.

हृदयाची झडप अरुंद असली, पंपच कमजोर असला, तरी दोन्ही बाजूंच्या गती अशाच खाली येतात. आणि एक बाजू पूर्ण बंद असली की दुसरी बाजू दोघींचं काम करते, तिची गती उगाच चढते आणि आजार आहे त्याहून मोठा दिसतो. म्हणून आता प्रोब ठेवण्याआधी ईकोचा कागद मागतो, रेडिएशन झालंय का विचारतो, दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर घेतो. रिपोर्टात कोन लिहितो, स्केल लिहितो, काय दिसलं नाही तेही लिहितो. चुन्याची सावली पडली असेल तर ती किती लांबीत पडली ते लिहितो. 'बंद' लिहायचं असेल तर 'मंद प्रवाहाच्या सेटिंगवर, पॉवर डॉपलरनेही प्रवाह सापडला नाही. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने खात्री करावी' असं लिहितो. एक ज्येष्ठ सर्जन यावर वैतागून म्हणाले, "मग तुझा डॉपलर कशाला करायचा?" त्यांचा वैताग मला समजतो. पूर्वी मी त्यांना आवडेल असं लिहीत होतो.

आणि मान स्वच्छ असली तरी 'सगळं नॉर्मल' एवढंच लिहून थांबत नाही. आपल्या लोकांत कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आढळतं, आणि मानेवरचा प्रोब तिथे पोचत नाही. पूर्वी माझा नॉर्मल रिपोर्ट घेऊन लोक आनंदानं घरी जायचे आणि काहींनी गोळ्या सोडल्याचं मला फार उशिरा कळलं.

प्रोब हातात न घेता झालेली चूक शेवटी सांगतो. सिल्लोडकडच्या एक बाई, साठीच्या आतल्या. सकाळी दहा मिनिटं बोबडं बोलल्या, तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं. गावातल्या डॉक्टरांनी बरोबर ओळखून चिठ्ठी दिली. मुलगा मोटारसायकलवर मागे बसवून आईला घेऊन आला. माझ्याकडे सकाळचे सगळे तास गरोदर बायकांच्या पाचव्या महिन्याच्या तपासण्यांनी भरलेले. काउंटरवरच्या मुलीनं बाई चालत आलेल्या बघितल्या, हसत बोलत होत्या, तिनं पाच दिवसांनंतरची वेळ दिली. तिची चूक नाही. चालत आलेल्याला घाई नसते, हा नियम मीच तिला शिकवला होता.

असा छोटा झटका येऊन गेला की मोठ्या झटक्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या दोन दिवसांत. शस्त्रक्रिया लागणार असेल तर तिचा सर्वाधिक फायदा पहिल्या दोन आठवड्यांत. त्यात मानेची तपासणी पाचव्या दिवशी म्हणजे काय? पाचव्या दिवशी मुलगा एकटा आला. आई घाटी रुग्णालयात ॲडमिट होती, उजवी बाजू गेलेली. तो वेळ रद्द करायला आला होता, म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, असं म्हणाला.

आता काउंटरवर एक कागद आहे, जाड अक्षरांत. जीभ जड, हातपाय लुळे, तोंड वाकडं, डोळ्यापुढे अंधारी, मग बरं वाटलं असलं तरी त्याच दिवशी आत घ्यायचं, आणि उशीर होत असेल तर आमच्याकडे न थांबवता थेट मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. यावरून बाकावरच्या बायका कधी कधी कुरकुरतात, त्यांच्या सासवा जास्त. रविवारी सेंटर बंद असतं. त्या दिवशीचे फोन माझ्या मोबाइलवर वळवले आहेत, पण खेड्यातल्या डॉक्टरांकडे अजून जुनाच नंबर आहे. नवा नंबर असलेली कार्डं छापून आली आहेत. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री झालं. वैजापूरकडे जायचं राहिलंय.